सासूबाईंनी शिवलेला चोरखिसा

माझ्या सासूबाईंचा कुणावरही विश्वास नव्हता. माझ्यावर तर नव्हताच.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. घरी जे करायचं ते सकाळीच झालं. खीर-वडे चांगले झाले होते असं सगळे म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. म्हणून आता निवांत लिहितेय.

प्रवासाला निघायच्या आधी आई मशीनवर बसायच्या. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मशीनचा आवाज सुरू झाला की समजायचं, कुणीतरी कुठेतरी चाललंय.

त्या चोरखिसे शिवायच्या.

परकराला, बनियनला, माझ्या कुर्त्यांना आतून. खिशाला चेन, चेनवर पट्टी, पट्टीला टिचबटण. उघडायला दोन्ही हात लागायचे, आणि थोडा एकांतही.

लग्नानंतर आम्ही सगळे पहिल्यांदा टूरला निघालो, तेव्हा माझा नवाकोरा कुर्ता त्यांनी न विचारता उलटा करून मशीनवर घेतला होता.

"अहो आई, पर्स आहे की माझ्याकडे."

"पर्स चोरालाही दिसते. आणि तुमच्या या एवढ्या महागड्या कपड्यांना खिसे का नसतात गं? कापड संपतं का त्यांचं?"

मुद्दा बरोबर होता.

खिसा माझा, पण त्यात काय ठेवायचं ते आई ठरवायच्या. सोनं त्यांच्या परकरात, नाहीतर माझ्या नणंदेकडे, म्हणजे अश्विनीताईंकडे. माझ्या खिशात सगळ्यांची आधार कार्डं, घराची किल्ली आणि आईंच्या बीपीच्या गोळ्या.

निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा म्हणून पाहिलं. "आई, या वेळी पाटल्या मेधाकडे दे की. तिच्याही खिशाला चेन आहे."

"चेन मी लावलीय. उघडी ती ठेवेल."

मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

एकदा एअरपोर्टवर आईंच्या परकरातलं काहीतरी वाजलं. सिक्युरिटीच्या बाईंनी त्यांना पडद्याआड नेलं, बराच वेळ चाचपलं आणि शेवटी खिसा शोधून काढला.

आई त्यांना म्हणाल्या, "शाब्बास. इतक्या वर्षांत तुम्हीच पहिल्या."

त्या बाई हसल्या नाहीत. आई तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्स आली, तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांची पहिली सूचना मला होती. "खिशाचा कुर्ता घाल. हॉस्पिटलमध्ये शंभर माणसं येतात-जातात."

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, अंगावरचं सगळं काढून ठेवा. आईंनी पाटल्या आणि कुड्या काढल्या आणि अश्विनीताईंच्या हातात दिल्या. मी दुसरी काही अपेक्षा केलीच नव्हती.

मग सिस्टर म्हणाल्या, "आजी, कवळी पण काढावी लागेल."

आईंनी आधी दाराकडे पाहिलं.

कवळी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कवळीशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. पोटच्या मुलांनीही नाही. कवळी धुवायची ती दाराला कडी लावून. सासऱ्यांनीसुद्धा कधी पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण असो.

त्यांनी निखिलला आणि अश्विनीताईंना खाली चहाला पिटाळलं. मीही निघाले.

"तू थांब."

मला पडदा ओढायला लावला. मग तोंडापुढे टॉवेल धरून त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली. सिस्टर डबी देत होत्या, तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आतल्या खिशात ठेव. चेन लाव."

दातांशिवाय शब्द नीट फुटत नव्हते. तरी हुकूम तो हुकूमच.

"शुद्धीवर आले की आधी हे. मग ती दोघं."

मी चेन लावली. टिचबटण लावलं. त्यांनी हात लावून खात्री करून घेतली आणि मगच स्ट्रेचर हलू दिलं.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी त्यांचं हार्ट बंद पडलं. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं आणि अश्विनीताई तडक आत निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले.

"दोन मिनिटं थांबा."

"मेधा, आई आहे ती माझी."

"हो. दोनच मिनिटं."

माझं डोकं फिरलंय असं निखिलला वाटलं असणार. मी दार लावून घेतलं.

आतल्या सिस्टर समजूतदार होत्या. "पटकन करू या, मॅडम. नंतर जबडा उघडत नाही."

ते टिचबटण काही केल्या निघेना. शेवटी निघालं. आम्ही दोघींनी मिळून कवळी बसवली. मी त्यांचे केस सारखे केले. मग दार उघडलं.

अश्विनीताईंनी जवळ येऊन आईंचा चेहरा नीट पाहिला.

मग म्हणाल्या, "आईसारखीच दिसतेय."

तेव्हा मला रडू आलं.

त्या मला फार आवडायच्या असं खोटं लिहिणार नाही. त्यांनाही मी फारशी आवडत नसावे. पण त्यांची आठवण येते. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त येते.

दार का अडवलं होतं, ते मी अश्विनीताईंना तेराव्यानंतर सांगितलं. त्यांनी नुसता माझा हात धरला.

आज जेवणं झाल्यावर हळूच जवळ येऊन त्यांनी विचारलं, "कवळीशिवाय कशी दिसायची गं आई?"

मी सांगितलं नाही.

इथेही सांगणार नाही.

आई, नमस्कार करते.