नकाशाबाहेरचा दाणा

महादेवीअक्का माझी थोरली जाऊ. लातूरहून औसा, निलंगा करत ती कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका खेड्यात तिसरीला शिकवायला जाते. सकाळी डबा घेऊन एसटी गाठते, ती संध्याकाळी येऊन उंबऱ्यातच बसते. चप्पल काढायलासुद्धा तिला वेळ लागतो. गुडघे गेलेत, आवाज बसलाय. वर सासूबाईंचं चालूच, "पोरांत बसून एवढं काय दमायचं?"

या खेपेला मात्र दमण्याला कारण होतं. दिवाळीनंतर तिच्या वर्गात तनुजा आली. घरात कानडी, शाळेत तोंड बंद. आसपासच्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख मागच्या भेटीत म्हणून गेले होते, "पुढच्या वेळेपर्यंत बोलली नाही तर मतिमंद मुलांत नाव घाला, बाई."

"मी कानडीतून विचारलं तरी नुसती बघती गं," अक्का भाकरी कुस्करत म्हणाली. "पण डोळे बघ तिचे, सगळं कळतं. आणि एकदा ते नाव पडलं की निघत न्हाई."

साहेबांच्या भेटीदिवशी नमुना पाठ घ्यायचा होता: नकाशा आणि आलेख, दोन्ही एकत्र. अक्कानं 'मामाचं गाव' हा विषय घेतला. मोठ्या कागदावर वर लातूर जिल्हा, खाली एकेका तालुक्याचा खांब. प्रत्येक मुलानं तुरीचा एक दाणा मामाच्या तालुक्याच्या खांबात चिकटवायचा. "तू चल संग," ती मला म्हणाली. "मला खाली बसून उठता येत न्हाई." म्हणून कणकेची खळ शिजवून मीही बसमध्ये चढले.

केंद्रप्रमुख साहेब येऊन बसले तरी वर्गात दंगा चालला होता.

"बाई, मला दोन मामा हायेत. दोन दाणे द्या!" सोमेश म्हणाला.

"एकच. लाडका कोणता ते ठरव."

"मोबाईल देतो तो लाडका!"

साहेबही हसले. निलंग्याचा खांब भराभर वाढत होता. "छान, निलंगा सगळ्यात उंच," ते म्हणाले. मग तनुजाची पाळी आली.

ती कागदापुढं उभी राहिली. एकेक खांब बघितला. मग कागदाच्या कडेवरून पुढं गेली आणि दाणा उघड्या भिंतीवर दाबला. दाणा खाली पडला. तिनं तो उचलून पुन्हा तिथंच दाबला, आणि बोट तसंच ठेवून उभी राहिली.

"हिचा मामा भिंतीवर राहतो! पालीसंग!" पोरं खिदळली.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" साहेब हळूच म्हणाले.

अक्काचा चेहरा उतरला. ती भिंतीला धरत धरत पोरीजवळ गेली. "तनुजा, कुठलं गाव गं मामाचं?"

बोट हललं नाही. "बसवकल्याण," तनुजा म्हणाली. आवाज जड होता, पण शब्द स्वच्छ.

मागून पुनम ओरडली, "बाई, माझा पण मामा तिथलाच!"

"मग निलंग्यात का गं चिकटवलास?"

"तिकडचा खांबच कुठं काढलाय तुम्ही? निलंगा जवळ हाय म्हणून घातला."

पटापट हात वर झाले. कुणाचा मामा भालकीचा, कुणाचा औरादचा. जिकडं लेकी द्यायच्या नि जिकडून सुना आणायच्या, तो हद्दीपलीकडचा, कर्नाटकातला मुलूखच कागदावर नव्हता. मला राहवेना. "अक्का, आणि तुमचं माहेर?"

अक्कानं कपाळावर हात मारला. तीही भालकीचीच. "अगं बाई, माझ्या सख्ख्या भावाला जागा ठेवली न्हाई मी!"

"जिल्ह्याचा पाठ आहे, बाई. जिल्ह्याबाहेर कशाला जाता?" साहेब म्हणाले.

"मामाच तिकडं हायेत, साहेब. त्यांना हिकडं कसं आणू?"

तिनं खडूनं भिंतीवरच एक खांब ओढला. मुलांनी निलंग्यातले आपापले दाणे नखानं उकरून काढले. तनुजा ओळीनं खळ लावत गेली, एकेक दाणा चिकटवत गेली. निलंगा खाली आला.

साहेब तिच्याकडं वळले. "सगळ्यात मोठा कोणता?"

तिनं भिंतीवर तळहात टेकवला. "ह्यो. भाईरचा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून एक शाळा गाठायची होती. "बरं. नाव घालायचं सध्या राहू द्या."

परतीच्या बसला खिडकीची जागा मिळाली. अक्काच्या बोटांवर खळ वाळून पापुद्रे धरले होते. ते ती सोलत बसली.

"सध्या म्हणाले ना गं?"

"हो."

"म्हणजे पुढच्या भेटीला पुन्हा हेच." तिनं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं. "उद्यापासून रोज बोलतं करायला पाहिजे तिला. कुठनं आणू बळ?"

मी डबा तिच्या मांडीवरून माझ्याकडं घेतला.

"बोलली पण," ती डोळे मिटून म्हणाली.

औशाला बस थांबली तेव्हा ती गाढ झोपली होती.