कोन म्हनला?

बातमी वाचायला दिली की ती आधी पेनाचं टोपण दातात धरायची आणि विचारायची, "कोन म्हनला?" मग ज्याचं नाव सांगू त्याला स्वतः फोन लावायची.

बोईसरच्या एका छोट्या साप्ताहिकात आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मच्छीमाराच्या घरातली. मी तारापूरच्या कॉलनीत वाढलेली, शाळेत निबंधाची सगळी बक्षिसं माझी. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. त्याचं कधी काही चुकत नाही, म्हणूनच ते डोळ्यांत खुपतं.

एकदा मी दांडीला गेले तर सगळ्या होड्या किनाऱ्यावर. वारा सुटला होता. होड्या वाऱ्यामुळे थांबल्या, असं मी पाऊण पान रंगवून लिहिलं.

"कोन म्हनला?"

"डोळ्यांनी पाहिलं मी."

तिने घरी फोन लावला आणि तो ठेवून म्हणाली, "वाऱ्याला कोन भितो? गावात मयत हाय. मयत झाली का आमी दर्यात नाय जात."

माझं पाऊण पान गेलं, तिच्या चार ओळी छापल्या. संपादक म्हणाले, "हिच्याकडून शीक जरा." त्या दिवशी मी डबा एकटीने खाल्ला. ती सुक्या बोंबलाची चटणी माझ्या टेबलावर ठेवून गेली. चटणी चांगली होती, याचाही मला राग आला.

पुढे शिकायचं दोघींनीही ठरवलं. समोर दोन पदव्या होत्या. एक पत्रकारितेची; दुसरी व्यावसायिक लेखनाची, म्हणजे पत्रकं, माहितीपुस्तिका वगैरे लिहायला शिकवणारी. मला पत्रकारिता हवी होती. तिलाही. ती त्याच वर्गात असेल तर मी कायम दुसरीच राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

फॉर्म भरायच्या दिवशी तिने विचारलं, "मी काय घेऊ? तू सांग."

"लेखन घे. बातमीदारीत तुझी बोली आड येईल."

"कोन म्हनला?"

"सर."

संपादक आतच बसले होते. दार उघडं होतं. मला वाटलं, ही आता उठून विचारणार. ती उठली नाही. मैत्रीण होते ना मी तिची. तिने टोपण दातात धरलं आणि लेखनापुढे खूण केली.

आता ती पुण्यात असते. परवा कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात गेले होते. भिंतीवर सुरक्षेच्या सूचना होत्या, छोट्या, साध्या वाक्यांत. एक कामगार दुसऱ्याला वाचून दाखवत होता आणि तो मान डोलावत होता. कोणी लिहिल्या, असं विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, "तुमच्याकडे होत्या ना, दांडीच्या, त्यांनीच. पुण्याहून लिहून पाठवतात." माझी बातमी कोणी कोणाला अशी वाचून दाखवलेली मी पाहिलेली नाही. पुन्हा पोटात दुखलं.

कचेरीत येऊन सरांना सांगितलं. ते खूश झाले, मग म्हणाले,

"मी तिला पत्रकारितेलाच जा म्हणणार होतो. लेखन घे, असं तिला कोण म्हणालं?"

"माहीत नाही, सर."

शेजारच्या खुर्चीवर मी हल्ली माझी पिशवी ठेवते. ती खुर्ची रिकामी बघवत नाही.