जीपमधली खणांची पेटी

वडिलांची जीप लष्कराच्या लिलावातली होती. मागे दोन्ही बाजूंना चाकांवरचे फुगवटे, त्यांच्यावर अरुंद पत्र्याचे बाक, आणि मधल्या जागेत सगळं सामान एकावर एक टाकलेलं. औषधांची ट्रंक, सुया उकळायचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, ताडपत्री, दोर, जास्तीचं चाक. काही हवं असलं की आधी बाकीचं खाली उतरवावं लागे, आणि हवी ती वस्तू बहुतेक वेळा तळाशीच सापडे.

वडील शहाद्याला डॉक्टर होते. महिन्यातून दोनदा ते सातपुड्यात वर तोरणमाळला जात. तिथे एका खोलीत त्यांचा दवाखाना होता आणि त्यांनीच शिकवून तयार केलेला एक पावरा आदिवासी कंपाउंडर ती खोली सांभाळायचा. पाऊस सुरू झाला की वर जायचा कच्चा रस्ता बंद होई, तो दिवाळीपर्यंत. नेमक्या त्याच महिन्यांत वर हगवण-उलटीची साथ येई आणि माणसं कोरडी पडून मरत. सलाईनच्या बाटल्या पावसाआधीच वर नेऊन ठेवाव्या लागत. त्या काचेच्या असत. आदल्या वर्षी नेलेल्यांपैकी निम्म्या वाटेतच फुटल्या होत्या.

त्या वर्षी वडिलांनी धुळ्याहून चाळीस बाटल्या मागवल्या. आदल्या पावसाळ्याचा हिशेब धरून एवढ्या लागतील असं त्यांचं म्हणणं होतं. मृगाच्या आधी एकच खेप होण्यासारखी होती आणि पुन्हा मागवायला वेळ नव्हता. म्हणून जीपच्या मागच्या जागेत बसेल अशी खणांची पेटी करून घ्यायची त्यांनी ठरवलं. खाली बाटल्यांसाठी दोन लांब खण, मागच्या बाजूने ओढायचे. वर झाकणाचा कप्पा, त्यात स्टोव्ह, दोर, ताडपत्री. झाकणावर गादी टाकली की माणूसही बसेल.

मी तेव्हा शेवटची परीक्षा देऊन शाळेतून कायमची घरी आले होते. नऊ वर्षं इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगमध्ये काढली होती. घरात आम्ही आमच्या गुजर समाजाची गुजरी बोलतो, ती मला येत होती, पण लहान मुलीची येते तशी. बाहेरची अहिराणी कळायची, बोलता यायची नाही. मराठी पुस्तकातली. मी तोंड उघडलं की समोरचा माणूस हसायचा तरी किंवा एकदम अदबीने बोलायला लागायचा. दोन्ही टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे न बोलणं. मी तो पत्करला होता.

"तुला भूमिती चांगली येते ना? पेटीचा नकाशा काढ," वडील म्हणाले.

मला ते आवडलं. दोन दिवस मी जीपमध्ये फूटपट्टी घेऊन बसले. आलेखाच्या कागदावर पेटी वरून, बाजूने आणि मागून काढली. मापं इंचांत लिहिली. प्रत्येक खणाला पुढून एक खिटी दाखवली, म्हणजे खण आपोआप उघडू नये. आमची शाळा डोंगरात होती. सुट्टी संपवून जाताना घाटात बसमधल्या ट्रंका मागे सरकत जात आणि शेवटच्या बाकावरच्या मुली पाय वर घेऊन बसत, हे मी दरवर्षी पाहिलं होतं. खिटीला मराठीत काय म्हणतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ते इंग्रजीत लिहिलं. सगळंच इंग्रजीत लिहिलं होतं.

पेटी करणारा सुतार लोणखेड्याचा. चाळीस वर्षं बैलगाड्या करत आलेला. त्याला सगळे मिस्तरी म्हणत. वडिलांनी जीप त्याच्या अंगणात नेऊन उभी केली आणि मला कागद द्यायला सांगितलं. मी दिला. मिस्तरींनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा.

"हाई काय शे व माय? रांगोळी काढी का?"

त्यांची बायको ओट्यावर तूर पाखडत होती, ती हसली. "बठ ना व माय, उभी काबर ऱ्हायनी?" ती मला म्हणाली. मी मान हलवली आणि उभीच राहिले.

"हाई पोर बोलस का नही?" तिने वडिलांना विचारलं.

"बोलते, बोलते," वडील म्हणाले. "परीक्षेत बोलते."

मिस्तरींनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली. "कागद ऱ्हाऊ दे. माले गाडी दखू दे." मग त्यांनी तुरीची एक सरळ काठी घेतली आणि जीपमध्ये चढले. लांबी, रुंदी, उंची, सगळं त्या काठीवर नखाने खुणावलं. सलाईनची एक बाटली मागून घेतली आणि तिचा घेर सुतळीने मोजला. फूटपट्टी माझ्या पिशवीत होती, ती तिथेच राहिली.

पेटी आठ दिवसांत झाली. काम उत्तम होतं, हे मला कबूल करावं लागलं. साग जुना, चांगला सुकलेला. कोपरे एकमेकांत असे गुंतवलेले की खिळा शोधावा लागे. खणांच्या आत प्रत्येक बाटलीला वेगळं घर होतं आणि घराला आतून केळीच्या वाळक्या सोपटाचं अस्तर. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचे पापुद्रे, आमच्याकडे बांधाबांधावर पडलेले असतात. ते मऊ आणि चिवट असतं, आणि बाटली त्यात घट्ट बसते. हे माझ्या नकाशात नव्हतं. मी लाकडाचा भुसा लिहिला होता.

मात्र पेटी चार बोटं लांब झाली होती. काठी लावताना मिस्तरींनी जीपच्या मागच्या फळीची जाडीही धरली होती. आता फळी बंद होत नव्हती.

"फळी काढी टाका," ते म्हणाले. "बैलगाडीले मांगे कोठे फळी ऱ्हास?"

वडिलांना ते पटलं. फळी काढून अंगणात ठेवली. मग मिस्तरींनी वडिलांना मागे बोलावलं, नवरदेवाच्या मुंडावळ्या दाखवाव्यात तशा कौतुकाने खणाकडे बोट दाखवलं, आणि त्याच बोटाने खण ओढला. खण आवाज न करता पूर्ण बाहेर आला.

"दखा डाक्टरसाहेब. मेन लायेल शे. एक बोटवर येस. लोनी शे, लोनी."

वडिलांनी स्वतः ओढून पाहिला. मग मिस्तरींच्या बायकोने येऊन पाहिला. शेजारचे दोघे-तिघे आले, त्यांनीही पाहिला. सगळे खूश होते. खिटी कुठेच नव्हती. मी दोन्ही खणांच्या पुढे वाकून पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

बैलगाडीत हाच माल असता तर मिस्तरींनी तो दोराने आवळल्याशिवाय सोडला नसता. पण खण म्हणजे घरातली वस्तू. घरातल्या कपाटाला कोणी दोर बांधत नाही. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की ते आनंदात आहेत आणि मला सांगायला शब्द नाही. वाक्य मी मनात गुजरीत जुळवलं, मग मराठीत. तोवर वडील जीपमध्ये बसले होते.

चाचणी त्याच संध्याकाळी झाली. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या पाण्याने भरून खणांत ठेवल्या आणि मिस्तरींना शेजारी बसवून वडिलांनी जीप उसाच्या शेतांतल्या गाडवाटेने नेली. त्या वाटेवर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या गुडघाभर खोल असतात. तासभर जीप आदळत फिरली. एकही बाटली फुटली नाही. आमच्याकडची जमीन परातीसारखी सपाट. त्यामुळे जीप वरखाली हवी तेवढी आदळली, पण चढ असा तिला एकदाही लागला नाही. हेही मला कळत होतं. जेवताना वडील म्हणाले, "तूही चल वर. पेटी तुझीच आहे निम्मी." मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. वडील चालवायला, शेजारी मिस्तरी. रोज घराच्या दारातून सातपुडा दिसत असूनही ते जन्मात कधी वर गेले नव्हते आणि पेटीचा प्रताप त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. मी मागे, पेटीवरच्या गादीवर, पाठ त्यांच्याकडे आणि पाय मागे मोकळे सोडून. फळी नव्हती. पायांखालून रस्ता मागे जाताना दिसत होता.

पायथ्यापर्यंत काही झालं नाही. मग चढ सुरू झाला.

"डाक्टरसाहेब," मिस्तरी ओरडून म्हणाले, "हाई रस्ता शे का भीत शे?"

"अजून भिंत यायची आहे," वडील म्हणाले, आणि दोघे हसले.

पहिल्या वळणानंतर माझ्या टाचांमागे काहीतरी लागलं. डावा खण बोटभर बाहेर आला होता. मी टाचेने तो आत ढकलला आणि टाच तिथेच दाबून ठेवली. मग उजवा आला. त्याला दुसरी टाच. वीस भरलेल्या बाटल्यांचा एकेक खण, खाली मेण लावलेलं. दोन्ही हातांनी बाक धरून मी पाय ताठ केले. तेव्हा ओरडायला हवं होतं. जीप खालच्या गिअरमध्ये घरघरत होती, त्यामुळे मोठ्याने ओरडावं लागलं असतं, आणि काय ओरडायचं ते मी ठरवत होते. दुसरं वळण गेलं. माझा डावा पाय थरथरायला लागला.

तिसऱ्या वळणावर एका दगडावरून चाक उडालं. टाच सुटली. डावा खण माझ्या पायांमधून सरळ निघून गेला आणि रस्त्यावर उभा पडला. मी तेव्हाही ओरडले नाही. काचेचा आवाज झाला, त्याने वडिलांनी जीप थांबवली.

पुढची गोष्ट मिस्तरींनी केली. जीप पुरती थांबायच्या आधी ते उतरले होते आणि मागच्या चाकाला दगड लावला होता, चढावर गाडीला लावतात तसा. उजवा खण त्यांनी खांद्याने आत रेटला, टोपीवरून गुंडाळलेला पंचा सोडून त्याने तो आवळून बांधला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पायले लागं का?"

मी नाही म्हटलं. मग आम्ही तिघं रस्त्यावर बसून पडलेला खण सोडवू लागलो. सोपटाने काही घरं वाचवली होती. अकरा बाटल्या फुटल्या होत्या, नऊ शाबूत होत्या. सलाईनचं पाणी उतारावरून वाहत जाऊन धुळीत जिरलं. वडिलांनी काचा वेचून रस्त्याच्या कडेला एका खड्ड्यात टाकल्या. अनवाणी माणसांची वाट होती ती.

मिस्तरी खणाच्या पुढच्या फळीवरून हात फिरवत होते. "चढवर खन मांगे येई," ते म्हणाले. "हाई माले कोन्ही काबर नही सांगं?"

"कोणाच्या लक्षात आलं नाही," वडील म्हणाले.

"माझ्या आलं होतं," मी म्हटलं.

दोघांनी वर पाहिलं. मी सगळं सांगितलं, खिटीचं, कागदाचं, फळीचं, चाचणीचं. मराठी पुस्तकातलीच होती. कोणी हसलं नाही. मिस्तरींनी टोपी काढली. तिच्यात अजून तो कागद होता. मी खिटीच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मंग तोंड काय शाळामा ठेईसन उनी का, माय?"

मी कागद घडी करून त्यांना परत दिला. तो टोपीत ठेवत ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मन्हा बी डोकामा नही उनं. आपली गाडी सपाटवर चालस ना." वडिलांनी शाबूत बाटल्या एकेक करून माझ्या हातात दिल्या आणि मी त्या घरांत बसवल्या.

परत फिरून उपयोग नव्हता. दोन्ही खण दोराने बांधून आम्ही वर गेलो. कंपाउंडरने बाटल्या खोलीतल्या फळीवर मांडल्या आणि मोजल्या. एकोणतीस. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "यावेळी जपून वापर."

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी आमच्या दारात येऊन बाभळीच्या दोन खिट्या बसवल्या. पटाशीचे चार घाव, मधोमध एक खिळा. आईने ठेवलेला चहा उकळायच्या आत काम झालं होतं.

दिवाळीनंतर रस्ता मोकळा झाला. वडील एकटेच वर गेले आणि येताना कंपाउंडरची वही घेऊन आले. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली, उघडून दाखवली नाही. मीच उघडली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पाडा, तिसऱ्यात बाटल्या, चौथ्यात पुढे काय झालं ते. एकोणतिसावी बाटली श्रावणात लागली होती. तिच्याखाली आणखी सहा नावं होती. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात त्याने 'पेज, मीठ' असं लिहिलं होतं. चौघांपुढे 'बरा', 'बरी'. दोघांपुढे चौथा रकाना कोरा.

"हे दोघं?" मी विचारलं.

"एक खूप म्हातारा होता. त्याचं सांगता येत नाही." वडील बुटाचे बंद सोडत होते. "दुसरी बाई होती. वेळेवर आणली होती तिला."

एवढं सांगून ते हातपाय धुवायला गेले. त्यांनी मला बोल लावला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी ते नाव पुन्हा वाचलं. पाड्याचं नावही वाचलं.

पुढच्या वैशाखात, बाटल्या यायच्या आधी, मी एकटीच लोणखेड्याला चालत गेले. मिस्तरींच्या अंगणात उभी राहिले आणि पेटीत अजून काय काय चुकतं आहे ते त्यांना सांगितलं, जमेल तसं अहिराणीत, अडेल तिथे हातांनी. त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी सांगत राहिले. सात गोष्टी होत्या. मिस्तरींनी पाच मानल्या, दोन नाही मानल्या, आणि त्या दोहोंवरून आमचं दुपारपर्यंत भांडण झालं.