लिफ्टमधली झोप

माझा नवरा लिफ्ट मेकॅनिक आहे. लोक त्याला लिफ्टदादा म्हणतात. अडकलेला माणूस बाहेर आला की आधी देव भेटल्यासारखा त्याचा हात धरतो आणि मग इतका उशीर का केला म्हणून त्यालाच झापतो. कंपनीत पूर्वी चार मेकॅनिक होते. एकजण दुसरीकडे गेला, एकाची कंबर धरली, एकाला साहेबांनी ऑफिसात बसवलं. उरला हा. सगळं काम ह्याच्या गळ्यात पडलं आणि साहेबांनी पाठ थोपटली, की तू आहेस म्हणून कंपनी उभी आहे. असलं कौतुक ऐकलं की माझं डोकंच फिरतं. शाबासकी द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

घरी तो नुसता टेकायला यायचा. घास हातात धरून डुलक्या काढायचा. मुलगी शाळेतलं काही सांगायला लागली की हं हं करायचा आणि तिचं सांगून संपलं की विचारायचा, मग पुढे काय झालं? हळूहळू तिने सांगणंच सोडलं. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

नोकरी सोड म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. एका कारखान्यात देखभालीचं काम मिळत होतं. पगार थोडा कमी, पण माणूस वेळेवर घरी. तो हो म्हणायचा आणि सकाळी हत्यारांची पिशवी उचलून चालू लागायचा. सासऱ्यांनी उभा जन्म एका गोदामात काढलेला, चालती नोकरी सोडायची हा विचारच त्यांना सहन होत नसे. पण खरी गाठ वेगळीच होती. एकदा तो मला म्हणाला, "मी नसलो तर त्यांना काढणार कोण? आत माणूस रडत असतो गं."

त्या रविवारी कितीतरी आठवड्यांनी त्याला सुट्टी मिळाली. आमच्याच इमारतीची लिफ्ट आचके देत होती आणि शेजाऱ्यांनी त्याला भंडावून सोडलं होतं. जेवायच्या आत येतो म्हणून तो गेला. जेवण गार झालं तरी त्याचा पत्ता नाही.

मी जिन्यात जाऊन पाहिलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली, आतला दिवा बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. फोन लावला, तो आत वाजून वाजून थांबला. विजेचं काम, काय सांगावं. सासरे काठी टेकत आले आणि पायरीवर बसले. दाराशेजारी त्याच्याच कंपनीचा तातडीचा नंबर चिकटवलेला होता. दुसरं काही न सुचून तो फिरवला. एका मुलीने पत्ता लिहून घेतला, लगेच माणूस पाठवते म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच क्षणी लिफ्टमध्ये फोन खणाणला. कंपनीच्या फोनसाठी त्याने वेगळी, कर्कश घंटा लावलेली आहे. माझ्या हाकांना न उठलेला माणूस त्या घंटेला उठला.

हात तेलकट असतात म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर घेतो, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. कंपनीतल्या त्या मुलीने त्याला आमचाच पत्ता सांगितला, माणूस अडकलाय, लवकर जा म्हणाली. "निघालोच," तो झोपेतच म्हणाला. हत्यारांची पिशवी उचलल्याचा खणखणाट झाला आणि मध्येच थांबला.

"अहो, इथे मीच आहे," त्याने सांगितलं. "अडकलेलो नाही. जरा बसलो होतो, डोळा लागला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. सासरे मात्र हसले नाहीत.

"खरंच अडकलो असतो, तर कुणाला पाठवलं असतंत?" त्याने विचारलं.

ती मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "यादीत तुमच्याशिवाय कुणीच नाही, दादा."

"मी आहे तोवर दुसऱ्या कुणाला घेणारही नाहीत," तो म्हणाला. रागाने नाही, हिशेब लागल्यासारखा. "साहेबांना सांगा, मी आता महिनाभरच आहे. तेवढ्यात माणसं बघा म्हणावं."

त्याने लिफ्ट खाली घेतली, दार उघडलं आणि आम्हाला पाहून ओशाळला. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. पगार, भाडं, आमच्या मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. सासऱ्यांनी पायरीवर सरकून त्याला जागा दिली. तो बसला, त्यांच्या खांद्याला टेकला आणि बोलता बोलता पुन्हा झोपला.

त्याचा फोन वाजला. साहेबांचा होता. ह्याला जाग यायच्या आत, मी हात पुढे करायच्याही आधी, सासऱ्यांनी तो उचलला. जन्मात कुठल्या साहेबाला उलट न बोललेला माणूस.

"तो झोपलाय," ते म्हणाले. "मी त्याला उठवणार नाही."