चेलो आणि मांडणीवरची भांडी

आमच्या सास्तूरमध्ये मांडणीवरची भांडी आपोआप वाजली, तर कुणी कारण विचारत नाही; जो तो आधी अंगणात पळतो. भूकंपानं लावलेली सवय आहे, तिला कुणी हसत नाही.

हे ठाऊक असून मी स्पीकर नेमका मांडणीमागं ठेवला! भाची रेखा आमच्याकडंच राहून शिकली. तिला बघायला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून पाहुणे येणार होते आणि मुलगा संगीतवेडा आहे असं कळलं होतं. म्हणून छाप पाडायला मी माझा लाडका विलायती संगीतकार काढला. दोन व्हायोलिन, त्यांचा थोरला भाऊ व्हायोला आणि खर्जात घुमणारा भला मोठा चेलो. कान पुरते गेल्यावर, अगदी अखेरीस त्यानं हे लिहिलं. (मला त्यातलं किती कळतं, हे विचारू नये.)

“अवो, बंद करा ते,” बायको म्हणाली. “कुणी गेल्यावानी वाटतंय.”

“हळूच लावलंय. घराला वजन येतं!”

पाहुणे बसले. भर दुपारचं ऊन, पण घरात कुठून कोण जाणे गारवा शिरला. एकटं व्हायोलिन बारीक आवाजात कण्हू लागलं, थांबलं, पुन्हा कण्हलं. मुलाच्या आईचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

“आत कोण रडतंय ओ?”

“आत कुणीच न्हाय,” बायको म्हणाली. (याहून वाईट उत्तर नव्हतं!)

तेवढ्यात चेलो खालच्या सुरात उतरला. आधी फुलपात्रं थरथरली, मग ताटं, मग हंडा घुमला.

“भायेर पळा!”

दोन मिनिटांत सगळी गल्ली उन्हात उभी. वाशीकर पोह्यांच्या बशा घेऊनच धावले होते. जमीन शांत. कुत्रंही भुंकेना. आणि सताड उघड्या, रिकाम्या घरातून चार आवाज आपसात बोलत होते. लावणारा मीच, तरी मलाही ते कुणा भलत्याचंच वाटलं. आत जायला कुणाचाच पाय उचलेना. पोरीचं लग्न आपण मोडलं, या विचारानं मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी रेखाच आत गेली. आवाज मध्येच तुटला. ती स्पीकर काखेत मारून बाहेर आली.

“मामाचं गाणं हाय. घाबरू नका.”

मुलाच्या आईनं तिला नीट पाहून घेतलं. “पोरगी धीराची हाय. आमाला पसंत हाय.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “गाणं तुमीच लावलं, वरडला बी तुमीच, आन् समद्यांच्या आधी पळाला बी तुमीच. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा हुबा ऱ्हातो. अक्षता पडूस्तवर ऱ्हाशाल का?”

“बँड कोणता सांगताय, त्यावर हाय,” मी म्हटलं.