मशीन धरू नये म्हणून

चिंचणीपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर, एका ओळीचाही अर्थ न कळता तीस वर्षं रोज त्याच अकरा कॅसेट ऐकणारा माणूस एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या शेजारच्या ओटीवर बसलेला होता. ते माझे थोरले चुलत दीर. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. आमची दोन घरं एकाच अंगणात, मध्ये एक चिकूचं झाड आणि त्याच्या अंगावर उघडणारी माझ्या स्वयंपाकघराची मागची खिडकी. लग्न होऊन मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या खिडकीतून ढोलक वाजला आणि पाठोपाठ नाकात गाणाऱ्या एका बाईचा आवाज आला. सासूबाई उठल्या, खिडकी लावली, आणि पाहुणं आलं की ही अशी लावायची, एवढं लक्षात ठेव, असं मला म्हणाल्या. मसाल्याचा डबा कुठे असतो ते त्यांनी मला त्यानंतर दाखवलं.

दादा डाय कोरतात. आमच्या बाजूला हा घरोघरचा धंदा होता. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नी-हातोडीनं दागिन्याची नक्षी खोलगट कोरायची. सोनार त्यावर पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर फूल उठतं. एका ठोकळ्याला आठवडा जातो, आणि एक ठोका जास्तीचा पडला की तो आठवडा पाण्यात. या कामानं माणसाची नजर बिघडते. दादांची फारच बिघडली होती. त्यांना जगात दागिन्यांखेरीज काही दिसत नसे. लग्नाला गेले की आहेर देऊन झाल्यावर खिशातलं भिंग काढायचे आणि नवरीच्या गळ्याशी वाकून हार बघायचे. नवरी अवघडायची, नवरा घसा खाकरायचा, फोटोवाला थांबून राहायचा. एकदा नवरीच्या मामानं त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं, तर दादा त्यालाच समजावून सांगू लागले, "पोरगी चांगलीच हाय तुमची. पन फुलाची चौथी पाकळी लंगडी हाय, ती सोनाराकडनं बदलून घ्या."

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण बिनलग्नाचा माणूस, बायकांच्या गळ्याशी वाकणारा, आणि वरून दिवसभर भोजपुरी गाणी लावणारा, असं तिन्ही एकत्र आलं की लोकांना पुढचा हिशेब सोपा जातो. दादांची बोईसरला कुणीतरी आहे, असं निम्मं गाव म्हणायचं. उरलेलं निम्मं गाव म्हणायचं की एक नाही, दोन आहेत. शाळेत जाणारी पोरं ओटीसमोरून "का हो भैया" ओरडत पळायची आणि दादा हातोडी उंचावून त्यांना रामराम करायचे. त्यांना वाटायचं, पोरं प्रेमानं हाक मारतात.

खरी गोष्ट अगदी साधी होती, आणि कुणी विचारली असती तर त्यांनी सांगितलीही असती. तरुणपणी वडिलांशी भांडून दादा बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात लागले होते. तिथे एका खोलीत पाचजण राहायचे. त्यातला एक बिहारकडचा. त्याच्याकडे दोन स्पीकरचा मोठा टेप होता आणि या अकरा कॅसेट. बहिणीच्या लग्नाला गावी निघताना त्यानं टेप दादांच्या ताब्यात दिला आणि सांगितलं, "बीच बीच में चलाते रहना, नहीं तो जाम हो जाएगा." तो परत आला नाही. का आला नाही, ते कळलं नाही; पत्ता कुणाकडेच नव्हता. पुढे कारखाना बंद पडला, दादा टेप खांद्यावर घेऊन चिंचणीला आले आणि वडिलांच्या जागेवर बसून डाय कोरू लागले. टेप रोज चालवत राहिले. आवडलं म्हणून नव्हे, सांगितलं होतं म्हणून. मी एकदा चिडून विचारलं की दादा, दुसरं काही लावत का नाही, तर म्हणाले, "मशीन हाय, बाय. चालवलं नाय तर धरतं."

आवड नंतर लागली, आणि ती गाण्याची नव्हे, ठोक्याची. त्या ढोलकावर त्यांचा हात बसला. मग ठरूनच गेलं, की पाकळी कोरायची ती चौथ्या कॅसेटच्या मागच्या बाजूवर, वेलाची वळणं सातवीवर, आणि बारीक दाणे नवव्या कॅसेटमध्ये ती बाई धापा टाकत गाते त्यावर. चौथीची फीत वापरून वापरून इतकी झिजली होती की ढोलक पाण्याखालून वाजल्यासारखा यायचा. तरी पाकळी तिच्यावरच.

याच टेपापायी त्यांचं लग्न राहिलं, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत. केळव्याकडची चांगली माणसं घर बघायला येणार होती. दादांच्या आईनं सकाळीच टेप उचलून तांदळाच्या पिंपात लपवला. पाहुणे बसले, पोहे झाले, मुलीच्या काकांनी दादांच्या कामाची तारीफ केली, आणि बोलणी तिथीवर येणार तेवढ्यात दादा उठून घरभर शोधू लागले. "आई, माझी मशीन कुटं हाय? आज चालवली नाय." शेवटी पिंपातून काढली, फडक्यानं पुसली आणि चालते की नाही बघायला तिथेच लावली. बाई गायला लागली. मुलीच्या काकांना तेवढ्यात एसटी आठवली.

ही गाणी काय सांगतात हे मलाही पंधरा वर्षं ठाऊक नव्हतं. घर रंगवायला काढलं तेव्हा बोईसरहून आलेला रंगारी बिहारकडचाच निघाला. चौथी कॅसेट लागली आणि तो ब्रश बादलीत टाकून शिडीवरच बसून राहिला. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "भाभीजी, ये तो हमारी अम्मा गाती थीं." त्यानं अर्थ सांगितला: गाण्यातली बाई जावेला सांगते, की परमुलखी गेलेल्या नवऱ्याचं ताट मी वाढून ठेवलंय, ते निवलं, तू म्हणतेस उचल, पण मी उचलणार नाही. एवढंच ते गाणं. मग नववी लागली तेव्हा मी तिचाही अर्थ विचारला, तर तो शिडीवर दोन पायऱ्या वर चढला आणि "ये वाला मत पूछिए" म्हणून भिंत रंगवू लागला. म्हणजे लोक म्हणत होते ते काही पूर्ण खोटं नव्हतं. पण त्याहून चावट गाणं हळदीला डीजेवर लागतं तेव्हा गावातल्या सगळ्या बायका नाचतात. मीही नाचले आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं सांगताना मी स्वतःला वगळू शकत नाही.

मशिनवर कोरलेले डाय येऊ लागले तशी आमच्या आळीतली ठकठक बंद होत गेली. मुलगे बोईसरच्या कारखान्यांत लागले. दादांचे हात साठीनंतर थोडे थरथरू लागले आणि त्यांनी एक दिवस मला ओटीवर बोलावून सांगितलं की हात जायच्या आधी कुणाला तरी काम देऊन जायचंय, पोरं नाहीत तर पोरी बघ. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आमच्या बचतगटाचं काम मी बघते. मी सहा मुली जमवल्या, दुपारची वेळ ठरवली, छिन्न्या आणल्या. पहिल्या दिवशी दादा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

त्यांची शिकवायची रीत एकच: गाणं लावायचं आणि ठोका धरायला सांगायचं. दोन हलके, एक जड, थांब, पुन्हा, आणि शेवटचा अगदी हलका. बोलून काही समजावणं त्यांना जमत नसे. पाच मुली आपल्या जेमतेम करत होत्या. सहावी हर्षाली, जवळच्या दांडी गावची, तिची आई आमच्या बाजारात मासळी विकते. ती मुलगी दीड महिन्यात पाकळी काढू लागली. दादांनी तो ठोकळा भिंगाखाली धरला, फिरवला, पुन्हा धरला, आणि मला खिडकीतून हाक मारून दाखवला. मला त्यातलं काही कळत नाही. पण त्यांचा चेहरा कळला.

बोलणं सुरू झालं होतंच. म्हातारा, कोवळ्या पोरी, आणि तसली गाणी. बचतगटाच्या बैठकीत चार बायकांनी विषय काढला. त्या वेळी मी सांगू शकले असते की त्या माणसाला एका शब्दाचा अर्थ कळत नाही, तो दुसऱ्याची ठेव सांभाळतोय, आणि चौथ्या कॅसेटमध्ये फक्त निवलेल्या ताटाचं गाणं आहे. पण बैठक लांबली असती, वाद झाला असता, आणि नवव्या कॅसेटचं मला कुणी विचारलं असतं तर? मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, एवढंच ना, मी त्यांना टेप बंद करायला सांगते. सगळ्यांना पटलं. चहा झाला.

दादांना सांगितलं तेव्हा ते छिन्नीला धार लावत होते. मान वर न करता "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ओटी गप्प झाली, सकाळीसुद्धा. मुलींचे हात विस्कटले. दादांनी पायानं ताल देऊन पाहिला, तोंडानं मोजून पाहिलं, पण मोजताना त्यांचा स्वतःचाच ठोका चुकायला लागला. एका अर्ध्या झालेल्या ठोकळ्यावरची नक्षी त्यांनी स्वतःच्याच हातानं ठोके घालून मोडली, मी खिडकीतून पाहिलं. आणि गावानं काय म्हणावं? गाणी बंद केली म्हणजे काहीतरी होतंच. पंधरा दिवसांत पाच मुली गेल्या. शेवटी हर्षालीची आई आली. सुक्या बोंबलाची जुडी माझ्या हातात देऊन उभीच राहिली. "मास्तर मानूस चांगला हाय, आमी काय आंधल्या नाय. पन उद्या पोरीला मागनं आलं तं लोक इचारतील, कुटं शिकली, कुनाकडं शिकली. तवा मी काय सांगू, वहिनी?" याचं उत्तर मी त्या बैठकीतच द्यायला हवं होतं.

आता सकाळी आठ वाजता काहीच वाजत नाही. पहिले काही दिवस माझा डाळीचा कुकर सारखा चुकत होता. दुसऱ्या कॅसेटचं तिसरं गाणं संपलं की गॅस बंद करायचा, हे मी कधी ठरवलं होतं मलाच माहीत नाही. महिनाभरानं मी दादांना म्हटलं, आता कुणी येत नाही, लावा की. ते म्हणाले, "धरलं." मी म्हटलं, मी बोईसरला नेते, पट्टा बदलून आणते, जुन्या बाजारात अजून करणारा आहे एक. "राहू दे," म्हणाले. मग मी उठून निघाल्यावर म्हणाले, "ज्याची हाय तो आला तं त्याला सांगायचं कसं, तेवढं बघाय पायजे."

गेल्या महिन्यात बँकेच्या कामाला बोईसरला गेले होते. परतताना शेअर रिक्षात माझ्या शेजारी हर्षाली येऊन बसली. गळ्यात कंपनीचं कार्ड, मांडीवर रिकामा डबा. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायचं काम करते म्हणाली, सकाळची पाळी. रिक्षा भरेपर्यंत आम्ही रस्ता बघत बसलो, आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं. डब्याच्या झाकणावर तिचं बोट पडत होतं. दोन हलके, एक जड, थांब. मी विचारलं, काय गं वाजवतेस? तिनं हात एकदम ओढणीखाली घेतला. "काय नाय काकी, सवय."

घरी आल्यावर चप्पल न काढता मी दादांच्या ओटीवर गेले. ते रिकाम्या पाटासमोर बसून भिंग पुसत होते. मी सांगितलं. त्यांनी पुसणं थांबवलं.

"बरोबर ठोकते?"

"बरोबर."

"शेवटचा?"

मी शेवटचा ऐकला नव्हता, तिनं हात ओढून घेतला होता. पण तेवीस वर्षं त्या खिडकीमागे मी स्वयंपाक केला आहे. मी हातातल्या किल्ल्यांनी ओटीच्या लाकडावर ठोकून दाखवलं. दोन हलके, एक जड, थांब, पुन्हा, आणि शेवटचा अगदी हलका, लागला न लागलासा. दादांनी मान वाकडी करून ऐकलं, नवरीचा हार बघताना करायचे तशी. "हां," म्हणाले. "पोरीला येतं." मग परत भिंग पुसू लागले. ते स्वच्छच होतं.

मी घरात आले आणि मागची खिडकी उघडली. सासूबाई गेल्यावरही ती पाहुणे आले की मी लावत होतेच. आता पाहुणे असोत नसोत, उघडीच ठेवते. आत येतो तो खाडीकडचा वारा आणि चिकूच्या झाडावरच्या कावळ्यांचा आवाज. कुकरच्या शिट्ट्या मी आता मोजते.