हिला कोणी नाही, असं म्हण

"नवरा?"

"मेला, सायेब."

"मुलगा?"

"नाय."

"म्हणजे कोणीच नाही."

"हाय ना!" आय म्हणाली. "ही पोरगी हाय. भावजय हाय, तिची पोरं हायत. आख्खी वाडी हाय, सायेब."

कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का? अख्खी वाडी आहे म्हणे हिच्या मागे. निराधार कसली, संस्थानिक आहे ही!"

सगळे हसले. शिपाई हसला, रांगेतली माणसं हसली. आय पण हसली. तिला वाटलं, साहेब खूश झाला.

पनवेलच्या त्या कचेरीत मी आयच्या शेजारी उभी होते. तिचं ते हसू मला आजही बघवत नाही.

आमची कातकऱ्यांची वाडी आपटा गावाच्या वर, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की भट्टीवाल्याचा ट्रक यायचा आणि माणसं भांड्याकुंड्यांसकट विटा पाडायला जायची. आयची सगळी हयात त्यात गेली. चिखल तुडवून तुडवून पाय गेले, धुरानं छाती गेली. रात्री ती झोपायची नाही, नुसती बसून असायची, आणि तिचा श्वास शेजारच्या झोपडीत ऐकू जायचा. त्या वर्षी तिनं भट्टीवर जायचं म्हणजे मरायला जायचं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, ट्रकवाल्यालाही माहीत होतं. पण न जाऊन खायचं काय? मी दोन घास कमवत होते ते माझ्याच पोटाला पुरत नव्हते.

तेवढ्यात सरकारची जीप आली. भोंग्यातून एक माणूस ओरडत होता, "ज्यांना कोणी नाही, अशा निराधारांना सरकार दरमहा पगार देणार आहे. कोणी नसलेल्यांनी नावं द्यावीत." दोनदा ओरडला आणि धूळ उडवत निघून गेला. झाली जनतेला माहिती देऊन!

वाडीतून एकही नाव गेलं नाही. का जाईल? आमच्यात 'मला कोण नाय' हे शब्द बाई एकाच जागी बोलते, मसणवट्यात, घरातलं शेवटचं माणूस पुरल्यावर. जित्या माणसांच्या देखत असं बोलणं म्हणजे त्यांचं मरण मागणं. जीप गेल्यावर म्हाताऱ्या बाया थुंकल्या. एक म्हणाली, "मेला काय बोलून गेला बघ, दारात येऊन!" पगाराचं कोणी ऐकलंच नाही. ऐकलं ते अभद्र.

मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मला वाटलं, कचेरीत जाऊन नीट विचारावं. आयला म्हटलं, चल. ती नको नको म्हणत होती, पण दम लागून बोलता येईना, म्हणून आली.

आणि तिथे हे असं झालं.

"निघा आता," कारकून म्हणाला. "ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी आहे हे. फुकट खायची सवय लागलीये तुम्हा लोकांना."

फुकट! जिच्या हातांचा चिखल कधी सुटला नाही तिला हा माणूस फुकटी म्हणाला. माझं अंग पेटलं. पण तोंड उघडेना. शाळेत आम्हाला साहेबासमोर मान खाली घालायलाच शिकवलं होतं.

आय दमली होती. ती बाकावर टेकली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला शहरातल्या एक काकू बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, हातात पर्स. त्यांनी पदर आवरून घेतला आणि सरकून बसल्या. त्यांचे दोन मुलगे शेजारी उभे होते, दोघेही पँट-बुशशर्टातले, पायात चकचकीत बूट. काकूही विधवाच. नवरा सरकारी नोकरीत होता, त्याचं पेन्शन त्यांना मिळायचं, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो म्हणून त्या आल्या होत्या. हयातीचा दाखला म्हणजे आपण जिवंत आहोत हे सांगायचं.

"काकू, पाणी घ्या," शिपाई म्हणाला. "आत या, खुर्चीवर बसा. उगाच त्रास तुम्हाला. पण नियम आहे हो, स्वतः यावं लागतं."

काकू आत गेल्या, सही केली, बाहेर आल्या. मुलग्यांनी हात धरून पायऱ्या उतरवल्या. त्यांना कोणी नाही विचारलं, तुम्हाला कोण आहे म्हणून.

मी बघतच राहिले. एक विधवा जिवंत असल्याचं सांगायला आलेली. आणि माझ्या आयनं काय सांगायचं? सगळे मेल्याचं.

कारकुनानं मला खुणेनं बोलावलं. खरं सांगते, त्याला बहुतेक दयाच आली होती. हळूच म्हणाला, "हे बघ, हिला कळत नाही. तू शिकलेली दिसतेस. तू म्हण, हिला कोणी नाही. मी लिहून घेतो. म्हातारीचं भलं होईल."

मी म्हणायचं. तिच्या पोटच्या पोरीनं.

डोळ्यांसमोर ट्रक आला. तिचा रात्रीचा श्वास आला. तीन शब्द बोलायचे होते, देवा, फक्त तीन शब्द! बोलले असते तर आय कदाचित घरी राहिली असती. मी तोंड उघडलं. आय माझ्याकडे बघत होती.

"मी हाय," मी म्हणाले.

"काय?"

"मी हाय. लिवा. पोरगी हाय, गरीब हाय, आयला काम होत नाय. जे खरं हाय ते लिवा." शाळेची भाषा माझ्या तोंडातून कधी गळाली, मला कळलंही नाही.

"मग सांभाळ की आईला! सरकारच्या दारात कशाला आणतेस?"

"त्या काकूला बोललात का असं? दोन कमावती पोरं हायत तिला."

त्याचा चेहरा उतरला. मग आवाज एकदम चढला. "ते पेन्शन आहे. हक्काचं आहे. तिच्या नवऱ्यानं आयुष्यभर नोकरी केलीये."

"आन माज्या आयनं? झोपा काढल्या आयुष्यभर?"

शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. आय मागून धापा टाकत आली. पायरीवर बसून म्हणाली, "बोलायचं व्हतं गं. मी कान झाकलं असतं."

दिवाळीनंतर ट्रक आला. आय त्यात चढली. चढवावी लागली. होळीच्या आधीच भट्टीवर तिचा जीव गेला.

पुढे मी त्या कचेरीत किती खेटे घातले ते मोजले नाहीत. हाकललं की दुसऱ्या दारानं जायचे. विचारून विचारून एवढं बाहेर काढलं की नियमात 'कोणी नाही' असं कुठेच नाही. वय झालेलं असावं किंवा विधवा असावी, जमीन नसावी, कमाईचं साधन नसावं, कमावता मुलगा नसावा. आय त्यात बसत होती. पोरगी असून बसत होती, वाडी असून बसत होती. भोंगेवाल्यानं आपल्या मनानं एक सोपं वाक्य केलं, कारकुनानं तेच धरलं, आणि माझी आय त्यात गेली. ह्याला कोणाला शिक्षा नाही.

म्हणून आता मी वाड्यांवर जाते. मला भोंगा नको. चुलीपुढे बसते आणि आमच्या भाषेत सांगते. हा पगार तुमाला कोण नाय म्हणून नाय. तुमी राबलात, आता हात चालत नाय, म्हणून हाय. टेबलावरचा इचारील, कोण हाय तुला? सगळ्यांची नावं घ्या. एक पण मारू नका. आन अर्ज घेत नाय तवर खाली बसायचं, उठायचं नाय.

उद्या ओव्याच्या वाडीवरच्या एका म्हातारीला कचेरीत घेऊन जायचंय. तिला चार पोरी. मी चौघींनाही सांगितलंय, आयच्या अंगाला लागून उभ्या राहा, आणि टेबलावरच्यानं 'कोण आहे तुला?' विचारलं की आधी तुम्हीच बोला.